चांदीतला चेहरा

मार्च सरत आला की सौदीतल्या जिझानच्या समुद्राचा वास बदलतो. एरवी इथली हवा मिठाची, डिझेलची आणि तापलेल्या डांबराची. पण वर्षातले थोडे दिवस तिच्यात काहीतरी ओलं, कच्चं मिसळतं. नुकत्याच फोडलेल्या कालवासारखं. समोरच्या फरसान बेटांवरचे कोळी म्हणे नुसत्या वासावरून सांगतात, आता दोन दिवसांत हरीद येणार. हरीद म्हणजे पोपटासारखी चोच असलेला मासा. पौर्णिमा उलटली की तो झुंडीने उथळ पाण्यात येतो आणि सारं बेट जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतं. इकडे गावात सिग्नलपाशी मोगऱ्याचे गजरे विकायला येतात. डोंगराकडचे पुरुषही डोक्याला फुलांचं कडं बांधून फिरतात. केवड्याचे तुरेही दिसतात. पुण्याहून इथे आले तेव्हा पहिल्या वर्षी मला या गोष्टीचंच सगळ्यात नवल वाटलं होतं, की एवढ्या रखरखीत मुलखात माणसं केवडा माळतात.

काल तो वास आला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. हातातला ओला टॉवेल तसाच हातात राहिला. गेली काही वर्षं हा वास आला की मला मासा आठवत नाही, एका बाईचा चेहरा आठवतो. सरळ नाक, किंचित भरलेली हनुवटी, केसांच्या वेण्या डोक्यावर गोल गुंडाळून बांधलेल्या. ही बाई माझी कोणी लागत नाही. तिला जाऊन अठराशे वर्षं होऊन गेली आहेत.

ती मला भेटली ते वर्ष आम्ही पहिल्यांदा फरसानला गेलो ते. माझा नवरा श्रीकांत इथल्या रिफायनरीत इंजिनियर आहे. मुलीच्या शाळेला सुट्टी होती, हरीद बघायला जाऊ म्हणून आम्ही सकाळची बोट पकडली. तास-दीड तासाचा प्रवास. मुलगी इंग्रजीत कुरकुरत होती, मी तिला मराठीत दटावत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही, वहिनी?"

साठीच्या पुढचे गृहस्थ होते. पांढरी दाढी, अंगात निळा कामाचा डगला, नखांत ग्रीसची काळी रेघ. त्यांचं नाव इसाकभाई. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. विशी उलटता उलटता इकडे आले ते फरसानमध्ये कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करत राहिले. बेटावर दुसरं मराठी बोलणारं कोणी नाही, म्हणाले. बंगाली आहेत, केरळचे आहेत, त्यांच्याशी हिंदीत भागतं. पण मराठी ऐकू आलं की कानाला खाज सुटते. हे बोलताना ते हसले, आणि त्या प्रवासात तेवढंच हसले.

बोलता बोलता माझी माहिती निघाली. लग्नाआधी मी एका वस्तुसंग्रहालयात जुन्या नाण्यांची नोंद करायचे. वजन, व्यास, धातू, दर्शनी बाजूला काय, मागच्या बाजूला काय. चार वर्षं मी तेच केलं. सातवाहनांची, क्षत्रपांची आणि थोडीशी रोमन.  बेट दिसू लागलं तसे इसाकभाई उठून माझ्या बाकापाशी आले आणि त्यांनी आपला मोबाइल माझ्यासमोर उलटा धरला. फोनला पारदर्शक कव्हर होतं. लोक त्यात बसचं कार्ड ठेवतात, मुलांचे फोटो ठेवतात. इसाकभाईंच्या कव्हरात चांदीचं एक नाणं होतं.

मला आधी चेहरा दिसला आणि मग नाणं. असं माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं. संग्रहालयात शेकडो नाणी हाताखालून गेली. 'स्त्रीमुख, उजवीकडे पाहणारे' असं लिहून मी पुढचं नाणं घ्यायचे. तिथल्या बायकांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. इथे उघड्या बोटीवर, इंजिनाच्या थरथरीत ती बाई मात्र अगदी जवळ आली. टपोरा डोळा, मिटलेले ओठ, आणि त्या ओठांवर आत्ताच काहीतरी बोलायचं ठरवून रद्द केल्यासारखा भाव.

इसाकभाईंनी सांगितलं ते असं. वर्षभरापूर्वी एका वादळानंतर बोटीचा नांगर पोवळ्याच्या खडकात अडकला. ओहोटीला चालत जाऊन त्यांनी तो सोडवला. फाळाला चिकटलेल्या गाळात एक काळी टिकली होती. त्यांना वाटलं बटण असेल. खोलीवर आणून टूथपेस्टने घासलं. जुन्या नाण्याला असं घासायचं नसतं. आधी नाक वर आलं, मग कपाळ, मग केस. घासता घासता त्यांचा हात थांबला.

"हुबेहूब हमीदा," ते म्हणाले.

हमीदा त्यांची बायको. विमानं बंद होती त्या वर्षी गावी वारली. इसाकभाईंनी तिची मयत फोनवर पाहिली, तीही लांबून, खळ्यात उभ्या असलेल्या पुतण्याच्या फोनमधून. त्याआधी अडीच वर्षं गावी जाणं झालं नव्हतं. फोटो म्हणाल तर त्यांच्याकडे एकही नव्हता. त्यांच्या घरात फोटो काढायची रीत नव्हती आणि हमीदाला स्वतःलाही ते आवडत नसे. मागे कधी फॅमिली व्हिसाचा अर्ज करायचा म्हणून मागवलेली तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी बॅगेत होती. झेरॉक्सची झेरॉक्स. तोंडाच्या जागी नुसता शाईचा डाग.

त्या दिवशी आम्ही हरीद पाहिला. निळेशार मासे उन्हात चमकत होते, पोरं पाण्यात पडत होती, बायका काठावरून हाका मारत होत्या. माझं लक्ष नव्हतं. परतीच्या बोटीत श्रीकांत हळूच म्हणाला, हे प्रकरण आपलं नाही. जमिनीत किंवा पाण्यात सापडलेली जुनी वस्तू या देशात सरकारला द्यावी लागते, जवळ ठेवणं गुन्हा आहे. म्हाताऱ्याला पकडलं तर इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, आणि त्याच्याबरोबर आपलं नाव निघालं तर आपलाही. त्याचं चुकत नव्हतं. मी हो म्हणाले. आणि घरी आल्यावर मुलीच्या दप्तराचा कप्पा रिकामा करून त्यातला कागद घेतला आणि आठवेल तसा तो चेहरा काढू लागले. मला चित्र काढता येत नाही. तरी दोन दिवस मी तेच करत होते.

पुढे इसाकभाई महिन्यातून एकदा-दोनदा इंजिनाचे सुटे भाग न्यायला जिझानला यायचे, तेव्हा घरी चहाला येऊ लागले. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी नाणं कव्हरातून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, यावर काय लिहिलंय ते वाचून सांगा.

नाणं हातात घेतलं. किती हलकं असतं ते, हे मी विसरले होते. बोटांना गार लागलं. कडेने अक्षरं फिरली होती, काही झिजलेली, पण सुरुवातीची चार स्पष्ट होती. वाचली तर आपल्याला 'दिवा' असंच ऐकू येतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ देवलोकी गेलेली. आपण दिवंगत म्हणतो ना, त्यातला 'दिव' आणि हा, एकाच घरचे. पुढे तिचं नाव. मागच्या बाजूला एक मोर, पिसारा मिटलेला, मान वळवून मागे बघणारा.

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. रोमन लोकांच्या चांदीवर कायकाय असायचं. तराजू धरलेली बाई म्हणजे न्यायाचा व्यवहार. एकमेकांत गुंफलेले दोन हात म्हणजे भरवसा. गव्हाच्या ओंब्या आणि जहाजाचं नाक म्हणजे धान्य वेळेवर पोचेल, काळजी करू नका. ज्याला राजा कधी दिसणार नाही, त्याची भाषा कळणार नाही, अशा माणसाच्याही मुठीत ती चित्रं जायची आणि त्याच्याशी बोलायची. फरसानवर त्या काळी रोमन शिपायांची एक तुकडी राहत होती. त्यांनी कोरलेला एक दगड बेटांवर सापडलेला आहे. आपल्या किनाऱ्याकडे मिरीसाठी जाणारी जहाजं याच पाण्यातून जायची. शिपायांना पगार मिळायचा तो असल्याच नाण्यांत. त्यातलं एक पडलं असेल.

"आणि ही?" इसाकभाईंनी विचारलं.

ही त्या वेळच्या सम्राटाची बायको, मी म्हणाले. ती त्याच्या आधी गेली. त्यानंतर तो वीसेक वर्षं जगला आणि तेवढी वर्षं तो तिच्या चेहऱ्याची नाणी पाडत राहिला. मोर अशासाठी, की राणीचा जीव मोर आपल्या पाठीवर घेऊन आभाळात जातो असं ते मानत.

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांच्यासारखाच कोणी एक होता, एवढा मोठा राजा, आणि त्यालाही तेच. इसाकभाई मात्र टेबलावरच्या नाण्याकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

"म्हणजे हे काढलं तेव्हा ती नव्हतीच."

"नव्हती."

"मग चेहरा कुठून आणला?"

मी सांगितलं, तिचे पुतळे असतील, ती असतानाची नाणी असतील. कारागिरांनी त्यावरून काढला. मग त्यावरून दुसऱ्याने, त्यावरून तिसऱ्याने.

"नवऱ्याला पटायची का ओळख?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं झाल्यावर?"

 याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसणार. त्यांनी नाणं उचलून कव्हरात सरकवलं आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठले. हॉलच्या कोपऱ्यात मी त्यांना चादर अंथरून दिली. तेव्हा पाहिलं, नमाजाला उभं राहण्याआधी त्यांनी फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला, नाण्याची बाजू खाली करून.

नंतर कितीतरी दिवस मी त्या प्रश्नापाशी अडकून होते. भाजी चिरताना, मुलीला शाळेतून आणताना, मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर. तो सम्राट म्हातारा होत गेला असेल. त्याच्या हाती रोज ती येत असेल, आणि दरवेळी थोडी वेगळी. एका कारागिराने नाक लांब केलं, दुसऱ्याने मान भरली, तिसऱ्याचा तर ती जिवंत असताना जन्मही झाला नसेल. कुठल्या तरी सकाळी त्याने डोळे मिटले असतील आणि त्याला बायको दिसायच्या ऐवजी नाणं दिसलं असेल. तेव्हा त्याने काय केलं? कोणाला सांगितलं?

इसाकभाईंनी मला सांगितलं. रमजान होऊन गेला होता, उन्हं कडक झाली होती. ते भर दुपारी आले, पाणीसुद्धा न घेता सोफ्याच्या कडेवर टेकले. श्रीकांत घरी होता. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, हे कुठे द्यायचं तिथे देऊन टाका. मला हमीदाचा चेहरा आठवेनासा झालाय."

मग बोलत राहिले. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळे मिटले की ही येते, म्हणाले. अंबाडा बांधलेली. हमीदाने आयुष्यात असा अंबाडा बांधला नाही, तिची एक वेणी असायची आणि तिच्यावर ओढणी. मी ओढणी घालून बघतो हिला, तर ओढणी राहत नाही. हमीदाच्या गालावर काहीतरी होतं, तीळ की कांजण्यांचा व्रण, आता तेही नक्की सांगता येत नाही. चाळीस वर्षांचं लग्न आमचं. त्यातली सलग घरी राहिलेली मोजली तर सहा-सात भरतील. तेवढ्यात जो चेहरा साठला होता तो हिने खाल्ला.

मी श्रीकांतकडे बघितलं. यात पडायचं नाही असं त्यानेच सांगितलेलं. तो आत गेला, शर्ट बदलून आला आणि गाडीची किल्ली घेतली.

सरकारी कचेरीत एक तरुण सौदी अधिकारी होता. त्याने आम्हाला बसवलं, कहवा दिला. इसाकभाई अरबीत बोलले. मला तुटक कळलं. कुठे सापडलं, केव्हा सापडलं, सगळं खरं सांगितलं. अधिकाऱ्याने एका वहीत लिहून घेतलं, मग मान वर करून विचारलं, इतके महिने का ठेवलंत? श्रीकांतने माझा हात दाबला. इसाकभाईंनी दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्यात 'जौजती' एवढा शब्द मला कळला, माझी बायको. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. नाणं उचलून बराच वेळ बघितलं, जणू त्या बाईची आणि समोरच्या म्हाताऱ्याची काही ओळख लागते का ते पडताळत होता. गुन्ह्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. एक कागद दिला, सही घेतली. मग म्हणाला, हवं तर नाण्याचा चांगला फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवतो.

इसाकभाईंनी मान हलवली. नको. फोटो असला तर मी तोच बघत बसेन.

बाहेर आल्यावर ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रिकाम्या कव्हरावर नाण्याचा गोल वण उठला होता. मला वाटलं होतं, आता हळूहळू हमीदा परत येईल. लहान मुलाला समजवावं तसं मी म्हणालेही, येईल, थोडा वेळ द्या. ती आली नाही. आणि ही गेली नाही. महिनाभराने त्यांनी फोनवर विचारलं, सुट्टीत गावी जाल तेव्हा माझ्या घरी जाऊन याल का? नसरीनकडे कुठे एखादा फोटो असेल. मी मागितला की ती नाही म्हणते.

नसरीन त्यांची मुलगी. नवरा मुंबईला असतो, ही माहेरी बापाचं घर सांभाळून राहते. ऑगस्टमध्ये मी गेले. पाऊस सतत लागून होता, खाडीचं पाणी गढूळ होऊन वर आलेलं. जिझानचा मध आणि खजूर मी तिच्या हाती दिले. तिने भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि तळलेले बोंबील केले, समोर बसून आग्रहाने वाढलं. घरावर नवे पत्रे होते. वादळात कौलं उडाली, पेटीतले कागद भिजून लगदा झाले, आईचं आधार कार्डही त्यातच गेलं, ती म्हणाली.

मी तिला नाण्याची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती, आणि मी 'सरळ नाक' म्हणाले तेव्हा तिने चमकून वर बघितलं. "अम्मीचं नाक बसकं होतं," ती म्हणाली. "माझ्यासारखं." आणि तिने माझ्याकडे पूर्ण तोंड वळवलं. गोल चेहरा, बारीक डोळे, बसकं नाक. त्या रोमन बाईचं यात काहीही नव्हतं. कधीच नव्हतं.

म्हणजे सुरुवातीपासूनच. बोटीवर 'हुबेहूब' म्हणाले तेव्हाच हमीदा त्यांच्या हातून सुटलेली होती. नाण्याने चेहरा चोरला नव्हता. जागा रिकामी होती, ते तिथे येऊन बसलं.

मग नसरीनने बापापासून लपवलेलं ते सांगितलं. अम्मीला कॅन्सर होता. अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे, एवढंच अब्बांना कळू द्यायचं असं अम्मीने बजावलं होतं. कळलं असतं तर ते नोकरी सोडून आले असते, आणि औषधपाणी त्याच नोकरीवर चाललं होतं. शेवटचं वर्ष केस गेले, गाल आत गेले. अब्बा व्हिडिओवर बोलायचा हट्ट करायचे. तेव्हा अम्मी खाटेवर पडून फोन छातीवर ठेवायची, वर तोंड करून. अब्बांना पंखा दिसायचा. पंखा, वासे आणि तिचा आवाज. वर्षभर ते तसेच बोलले. कुठल्या भांड्याला कल्हई करायची, कोणाच्या घरी बारसं आहे, सगळं.

मी नकळत वर बघितलं. पत्र्याखाली नवा पंखा फिरत होता.

फोटो एक होता. इस्पितळाच्या योजनेचं कार्ड काढायला लागला म्हणून, मरायच्या चार महिने आधीचा. नसरीनने कुराणाच्या कपाटावरून एक पाकीट काढलं. माझ्याकडे द्यायच्या आधी ती म्हणाली, "अम्मीने घातलेली कसम मोडतेय मी. द्यायचा की नाही ते तुम्ही तिकडे जाऊन त्यांचं तोंड बघून ठरवा."

जिझानला परतल्यावर ते पाकीट तीन आठवडे माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत होतं. संग्रहालयातली माझी चार वर्षं मला तेव्हा आठवत राहिली. एखादी वस्तू हाती आली की ती काय आहे ते लिहायचं, कोणाला काय वाटेल याच्याशी माझा संबंध नसायचा. नोंद करायची आणि पेटी बंद. इथे माझ्या हातात एका माणसाची बायको होती. नाणं जवळ ठेवलं तर गुन्ह्याची भीती होती, हे दिलं तर कसली, त्याला मला शब्द सापडत नव्हता. न द्यावं तर ते चांदीच्याच बाईबरोबर जगतील. वाईट काय त्यात, असंही एकदा मनात आलं. ती सुंदर होती, धडधाकट होती. हमीदालाही कदाचित तेच हवं होतं.

शेवटी मी फरसानची बोट पकडली. श्रीकांतला सांगून, एकटी. इसाकभाई धक्क्यावर एका बोटीचं इंजिन उघडून बसले होते. मला बघून हात पुसत आले. सावलीत एका उलट्या टबावर मी बसले आणि पाकीट त्यांना दिलं.

त्यांनी फोटो काढून दोन्ही हातांनी धरला. डोक्याला रुमाल गच्च बांधलेली, गालफडं वर आलेली, भुवया नसलेली एक बाई कॅमेऱ्याकडे सरळ बघत होती.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

 ते माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्या तोंडावरून त्यांना जे कळायचं ते कळलं असावं. त्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. मागे कोणीतरी इंजिन चालू करून बंद केलं. मी हळूहळू सगळं सांगितलं, आजार, केस, कसम.  संपल्यावर ते म्हणाले, "म्हणून पंखा दाखवायची."

त्यांनी फोटो पाकिटात घातला, पाकीट डगल्याच्या आतल्या खिशात. मग उठून राहिलेल्या कामाला लागले, आणि मी बोट सुटेपर्यंत तिथेच बसले. निघताना त्यांनी मला पिशवीभर मासे दिले, बर्फ घालून. नसरीनला ओरडणार नाही म्हणाले. त्याच हिवाळ्यात फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परतायचा शिक्का, घेऊन ते गावी गेले. कफीलाने त्यांना विमानतळापर्यंत स्वतः सोडलं, असं नंतर कळलं.

नाणं पुढे कुठे गेलं मला माहीत नाही. रियाधला पाठवलं असेल, कुठल्या तरी काचेमागे मखमलीवर असेल, खाली इंग्रजी आणि अरबीत चार ओळी. येणारे-जाणारे क्षणभर थांबत असतील. तिच्याबद्दल आता मला वैर वाटत नाही. तिला कोणी विचारून नाण्यावर बसवलं नव्हतं. नवऱ्याच्या आठवणीखातर ती मेल्यावरही वीस वर्षं हातोहात फिरत राहिली, आणि मग पोवळ्याच्या खडकात एकटी पडून राहिली, काळी होऊन. तिचा खरा चेहरा कसा होता हेही कोणाला ठाऊक नाही. माझ्या कागदावर मी काढलेली ती तर आणखीनच तिसरी कोणी.

कालच्या त्या वासानंतर मी इसाकभाईंना फोन लावला. तिकडे सकाळ संपत आली होती. मागे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. हरीद आला का, त्यांनी विचारलं. वास तर आला म्हटलं. गुडघे दुखतात म्हणाले, नसरीनला मुलगी झाली, तिचं नावही हमीदाच ठेवलं. फोटो कपाटात आहे. रोज बघतात. आता ओळख पटते. बघता बघता तिच्यातून जुनी हमीदाही थोडी थोडी दिसू लागली आहे, हनुवटीपाशी, ओठांपाशी. मला फार बरं वाटलं. मी तसं बोललेही.

मग ते म्हणाले, "झोपेत मात्र अजून तीच येते."

"कोण?"

"ती. अंबाडावाली. दारात येऊन उभी राहते."

मी विचारलं, भीती वाटते का? नाही म्हणाले. भीती कसली. तोंड तिचं असतं, पण आवाज हमीदाचा. अगदी हमीदाचा.

"काय म्हणते?"

"काही नाही, घरचंच," इसाकभाई म्हणाले. "पाणी भरून ठेवलंत का. कोंबड्या आत घेतल्यात का. जेवलात का. घरचंच सगळं."